प्राणेशअण्णांचं नाक

प्राणेशरावांचं नाक गेलं, आणि तेही नेमकं अवरेच्या मोसमात.

गेलं म्हणजे जागेवरून गेलं नाही. ते होतं तिथेच होतं, चष्म्याच्या ओझ्याखाली, चांगलं ऐसपैस आणि रुबाबदार. फक्त त्याने काम करणं सोडलं होतं. बसवनगुडीला कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाची जत्रा भरते, तिथे प्राणेशराव भल्या पहाटे माकडटोपी न घालता गेले आणि येताना शेंगांची पिशवी अन् सर्दी घेऊन आले. शेंगा लगेच संपल्या. सर्दी मात्र पाहुण्यासारखी ऐटीत राहिली, आणि जाताना घरातली सर्वांत मोलाची वस्तू उचलून घेऊन गेली.

हे त्यांना कळलं सकाळच्या कॉफीवर. वसुमतीबाईंनी दाट डिकॉक्शनची कॉफी पुढे ठेवली. प्राणेशरावांनी रोजच्यासारखा पेला नाकाखाली धरला, डोळे मिटले आणि वाट बघितली. नुसती वाफ आली. गरम पाण्याची येते तशी, कोरी.

"काय हो, कॉफी थंड होतेय," वसुमतीबाई म्हणाल्या.

"वा! काय वास आहे!" प्राणेशराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नाकाच्या बाबतीत खोटं बोलले.

बायको आंघोळीला गेल्याबरोबर ते स्वयंपाकघरात शिरले. हिंगाची डबी उघडली, काही नाही. देवघरातला कापूर, काही नाही. शेवटी त्यांनी मुलाचे, श्रीवत्सचे, धावायचे बूट उचलले. या बुटांना भिऊन गल्लीतलं मांजर समोरच्या फुटपाथवरून जात असे. प्राणेशरावांनी बुटात तोंड घालून दीर्घ श्वास घेतला आणि मग तिथेच पायरीवर बसून राहिले. आता शंकेला जागाच नव्हती.

दुसऱ्या कुणाचं नाक असतं तर चार दिवस वाफारे घेऊन विषय मिटला असता. पण हे नाक काही प्राणेशरावांच्या एकट्याचं नव्हतं. ते घराचं होतं, गल्लीचं होतं आणि थोडंफार बेंगळूरु शहराचंही होतं. टेलिफोनच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण नाक काही निवृत्त झालं नव्हतं. गच्चीवर उभं राहून ते सांगत, "देवनहळ्ळीला चकोतरे पिकले," आणि दुसऱ्या दिवशी त्या पपनसांची गाडी गल्लीत शिरे. होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाला मोहोर येणार हे त्यांना झाडाच्याही आधी कळे. एकदा मॅजेस्टिकला बसमध्ये त्यांनी पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईला सांगितलं होतं, "अक्का, घरी पळ, दूध उतू गेलंय." बाई घरी गेली. दूध उतू गेलेलं होतं. बाई तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, आनेकलला राहत होती हा तपशील ऐकून काही लोक मान हलवतात, पण अशा लोकांना गोष्ट सांगूच नये.

हे नाक घराण्यातच होतं म्हणे. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर मराठी मुलखातून जो मूळपुरुष इकडे आला, त्याला वाटेत एका शेतातून अवरेच्या शेंगांचा वास आला. त्याने तिथेच घोडा बांधला. फौज पुढे गेली, परत फिरली, राज्यं आली-गेली. घोडा सोडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. घरात मराठी राहिली, तिच्यात 'जरा'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' येऊन बसले, मुलं बापाला अण्णा आणि आजोबांना अज्जा म्हणू लागली, पण अवरेचा मोसम उघडायचा मान घरातल्या थोरल्या नाकाकडेच राहिला.

अवरेचं तसंच आहे. डिसेंबर लागला, सकाळी धुकं पडू लागलं, रस्त्यावरची गुलाबी फुलांची झाडं बिनपानांची फुलली की आनेकलकडून शेंगा यायला लागतात. पण शेंग आली म्हणजे अवरे आली असं नव्हे. तिच्यावर दंव पडावं लागतं, मग सालीला एक तेलकट, गोडसर, पहाटेसारखा वास सुटतो. त्याला कन्नडात सोगडू म्हणतात. सोगडू आला की अवरे आली. नाही आला तर ती नुसती भाजी. म्हणून दरवर्षी शिवाप्पा आपली हातगाडी पहिल्यांदा प्राणेशरावांच्या फाटकापाशी आणी. प्राणेशराव एक शेंग उचलत, बोटांनी चोळत, नाकाशी धरत. त्यांचा चेहरा हळूहळू असा काही उजळे की देवाची आरती चालू आहे असं वाटावं. मग ते म्हणत, "आली!" आणि सगळी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर पडे.

मग यायचा रविवार. सोललेले दाणे आदल्या दिवशी भिजत घालायचे आणि रविवारी सकाळी परातीभोवती मांडी घालून बसायचं. एकेक दाणा चिमटीत दाबला की साल बोटांत राहतं आणि आतली हिरवी मऊ डाळ पुटकन उडून परातीत पडते. निदान परातीत पडावी अशी अपेक्षा असते. याला हितकिदबेळे म्हणतात. हे काम एकट्याने होत नाही, घाईने तर मुळीच होत नाही. त्यामुळे वर्षभरात जे बोलायचं राहून गेलेलं असतं ते सगळं त्या परातीवर बोलून होतं. प्राणेशरावांच्या मते माणसाला घर असतं ते याच्यासाठी. पाऊस-उन्हापासून वाचायला छत्रीसुद्धा चालते.

आणि यंदाचा तो रविवार चुकवून चालणारच नव्हता. श्रीवत्स आणि सून स्मृती, दोघंही मारतहळ्ळीला नोकरीला. रोजच्या जाण्यायेण्यात दिवस संपे. शेवटी त्यांनी तिकडेच फ्लॅट घेतला होता. "धनुर्मास लागायच्या आत नव्या घरात दूध उतू जाऊ दे," असं वसुमतीबाईंनीच सांगितलं होतं, त्यामुळे सामानाचा टेम्पो सोमवारी येणार हेही ठरलं होतं. मधे दोनच रविवार उरले होते. त्यानंतर परातीभोवती बसणार कोण? प्राणेशराव, वसुमती आणि रेडिओ.

बुटांचा प्रयोग करून प्राणेशराव पायरीवर बसले होते, तेवढ्यात फाटकापाशी गाडीची चाकं करकरली.

"स्वामी! अवरे!" शिवाप्पाने हाक मारली.

प्राणेशराव उठले. त्यांनी शेंग घेतली, चोळली, नाकाशी धरली. तितक्यात स्मृती लॅपटॉपची बॅग सावरत ऑफिसला निघाली. पुण्याची मुलगी, लग्न होऊन आली तेव्हापासून या घरातलं सगळं तिला आवडलं होतं, फक्त नावं जमत नव्हती.

"अय्या बाबा, या पावट्याला केवढा वास येतोय!"

एवढ्या वाक्यात प्राणेशरावांना एकच शब्द ऐकू आला.

"पावटा? पावटा काय गे? अवरे म्हण! तीनशे वर्षं आम्ही काय पावट्यासाठी थांबलो इकडे?"

"सॉरी बाबा, अवरे. पण—"

"जा, तुझी कॅब चुकेल."

ती गेली. शिवाप्पा वाट बघत होता. शेजारच्या गच्चीवरून पद्मावतीबाई वाकून बघत होत्या. समोरच्या घरातून सुधींद्र पेपर खाली करून बघत होते. प्राणेशरावांनी पुन्हा एकदा श्वास ओढला. हो म्हणावं आणि वास नसला तर? इतक्या वर्षांचं नाव एका शेंगेपायी जाणार. त्यांनी विचार केला, चार दिवसांत नाक उघडेल. तोवर वेळ काढावा.

"अजून नाही," ते म्हणाले. "स्वल्प थांब शिवाप्पा. दंव बसू दे."

शिवाप्पाचं तोंड उतरलं. वर पद्मावतीबाईंनी गच्चीतूनच आत हाक दिली, "नको गं, अजून नाही म्हणतायत अण्णा!" आणि सगळ्या गल्लीत पिशव्या परत खुंटीवर गेल्या.

त्या दिवशी रात्री जेवताना प्राणेशरावांनी ठरवलं की कुणाला संशय येता कामा नये. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "वसुमती, आज हिंगाची फोडणी काय सुरेख बसलीय! वास कसा घमघमतोय!"

वसुमतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "हिंग घातलेलाच नाही. डबी सकाळपासून सापडत नाहीये."

"मग... शेजारून येत असेल. पद्मावतीकडून."

"ती दुपारीच म्हैसूरला गेली, भावाकडे."

"वारा तिकडचा आहे," प्राणेशराव म्हणाले आणि भात कालवायला लागले. वसुमतीबाईंनी ताक वाढलं. नात सिद्धी मात्र म्हणाली, "अज्जा, तुमच्या जवळच हिंगाचा वास येतोय." तिला दोन पापड जास्त मिळाले.

आता इथून पुढे प्रकरण प्राणेशरावांच्या हातात राहिलं नाही. गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर कुणीतरी टाकलं, 'प्राणेशअण्णा म्हणतात अवरे अजून नाही.' पुढच्या गल्लीत तो निरोप 'यंदा अवरेत दम नाही' असा पोहोचला. तिसऱ्या गल्लीत 'अवरेवर काहीतरी मारलंय' असा. चौथ्या रस्त्यावर एक निवृत्त गृहस्थ छातीठोकपणे सांगू लागले की प्रयोगशाळेतून तसा अहवालच आलाय, आणि अहवाल देणारे अधिकारी मराठी होते. शिवाप्पा भरलेली गाडी घेऊन निघे आणि भरलेलीच परत नेई. शेवटी म्हणे आनेकलचे शेतकरी वेलाखाली उभे राहून एकमेकांना विचारू लागले, "त्या यजमानांचं काय ठरलं?"

पहिला रविवार तसाच गेला. त्या दिवशी सगळे घरी होते आणि परात फडताळावर उपडी होती. श्रीवत्स खोक्यांत पुस्तकं भरत होता. चिकटपट्टी फाडण्याचा आवाज घरभर होत होता, आणि प्रत्येक आवाजाला प्राणेशराव रेडिओ आणखी मोठा करत होते.

त्यांनी काय केलं नाही? निलगिरीच्या तेलाचे वाफारे घेतले. मोहरीचं तेल नाकात सोडलं. कुणीतरी सांगितलं म्हणून ते लालबागेत पहाटे डोकं खाली पाय वर करून उभे राहिले. तिथे फिरायला आलेल्या चार बायका थांबल्या, त्यांनी नमस्कार केला आणि शिबिर कधी असतं म्हणून विचारलं. नाक काही उघडलं नाही.

मग त्यांना युक्ती सुचली. दुसऱ्याचं नाक वापरायचं. खिशात शेंग घालून ते सुधींद्रांकडे गेले. सुधींद्र म्हणजे जुने मित्र. दरवर्षी प्राणेशरावांच्या मागे उभे राहून 'आहाहा, काय सोगडू!' असं पहिल्यांदा तेच म्हणत.

"सुधींद्रा, बघू तुझी परीक्षा. सांग, आली का?"

सुधींद्रांनी शेंग नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग हळूच विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारतोय."

"छे छे. तू असताना मी काय सांगणार! तू आधी सांग."

"अरे, पण तुला वास येतोय की नाही?"

"तुला येतोय तसाच," सुधींद्र सावधपणे म्हणाले.

प्राणेशरावांनी शेंग परत खिशात घातली. म्हैसूरहून परतलेल्या पद्मावतीबाईंना विचारलं तर त्यांनी कानांना हात लावले. "अण्णा, तुमच्यासमोर आम्ही तोंड उघडावं? पाप लागेल." लोकांचा हा आदर पाहून एरवी प्राणेशरावांची छाती फुगली असती. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच वाटलं, एखादा तरी उद्धट माणूस गल्लीत हवा होता.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर स्मृती जवळ येऊन बसली. "बाबा, चिडू नका हं. रविवारसाठी मी ऑनलाइन मागवू का? सोललेली डाळच मिळते. दहा मिनिटांत येते."

"डाळ दहा मिनिटांत येईल गे," प्राणेशराव म्हणाले, "सोलायला बसणारी माणसं कुठल्या दुकानातून मागवायची?"

आतल्या खोलीत पुन्हा चिकटपट्टी फाटली.

शनिवारी सकाळी शिवाप्पाने गाडी फाटकाला आडवीच लावली. "स्वामी, आज सांगाच. नाही म्हणालात तर मी उद्यापासून कांदे विकतो. आमच्या गावात तुमच्या नाकाच्या नावाने नवस बोललेत लोकांनी."

गल्ली जमली. पद्मावतीबाई खाली आल्या, सुधींद्र पेपरसकट आले, श्रीवत्स खोकं धरून दारात थांबला. प्राणेशरावांनी शेंग उचलली. दंव होतं; बोटांना ओल लागली, तेलाचा बुळबुळीतपणाही लागला. त्यांनी डोळे मिटले आणि जीव खाऊन श्वास ओढला.

काही नाही.

त्यांनी डोळे उघडले. समोर मुलगा, त्याच्या हातातल्या खोक्यावर 'स्वयंपाकघर – मारतहळ्ळी' असं लिहिलेलं. पायाशी सिद्धी, परात दोन्ही हातांनी पोटाशी धरून तयार. ती परात तिने स्वतःच फडताळावरून काढून आणली होती. तेव्हा प्राणेशरावांच्या लक्षात आलं की नाकाची अब्रू ही फार छोटी गोष्ट आहे. त्यांनी डोळे पुन्हा मिटले. मागच्या वर्षीचा वास आठवला, त्याच्या मागचा आठवला, बापाच्या मांडीवर बसून पहिल्यांदा घेतलेला आठवला. चेहरा आपोआप उजळला.

"आली!" ते गरजले.

जे झालं त्याला खरेदी म्हणत नाहीत. शिवाप्पाची गाडी रिकामी झाली, तो आणखी एक गाडी घेऊन आला, तीही रिकामी झाली. दुसऱ्या गल्लीचे लोक स्कूटरवरून आले. निवृत्त गृहस्थांनी नवा अहवाल आल्याचं सांगून पाच किलो घेतली.

आणि रविवार झाला. असा झाला की त्याचं कौतुक करायला दुसरा रविवार पाहिजे. सकाळचं कोवळं ऊन दारातून परातीपर्यंत आलं होतं. पाच जणं मांडी घालून बसली. पुटक्, पुटक् आवाज सुरू झाला. सिद्धीचा पहिला दाणा श्रीवत्सच्या कानावर बसला, दुसरा देवघरात गेला, तिसरा तिने मुद्दाम अज्जांच्या चष्म्यावर मारला. श्रीवत्सने लहानपणी परीक्षेत दोनदा नापास होऊन ते लपवलं होतं, ते कबूल केलं. वसुमतीबाई म्हणाल्या, "मला तेव्हाच माहीत होतं." स्मृतीने नव्या घरातल्या शेजारणीची नक्कल केली. हसता हसता सालांच्या ढिगात डाळ आणि डाळीच्या ढिगात सालं गेली, आणि सगळं पुन्हा निवडावं लागलं. निवडतानाही कुणी कुरकुरलं नाही. वसुमतीबाईंनी खोबरं-धण्याचं वाटण लावून डाळीची हुळी, म्हणजे आमटी चढवली, उरलेले दाणे घालून तांदळाच्या पिठाची अक्कीरोटी थापायला घेतली. घर वासाने भरलं असणार. सगळे जण "आहाहा!" म्हणत होते. सुधींद्र आणि पद्मावतीबाई तर वाट्या घेऊनच आले होते.

प्राणेशराव मात्र हळूच उठून स्वयंपाकघरात गेले. उकळत्या हुळीवर वाकून बघितलं. वाफेने चष्मा धुरकटला.

"वसुमती," ते खाली बघत म्हणाले, "काल मी खोटं बोललो. मला वास येत नाही. सर्दी झाल्यापासून नाक मेलंय माझं. अवरेला सोगडू आहे की नाही, देव जाणे. सगळ्यांना फसवलं मी."

वसुमतीबाईंनी रोटी उलटली. "नाक गेल्याचं मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"हिंगाची डबी तुमच्या शर्टाच्या खिशात होती त्या दिवसापासून. घरभर हिंग दरवळत होता आणि तुम्ही म्हणत होतात, वारा म्हैसूरचा आहे."

प्राणेशरावांनी खिसा चाचपला. डबी अजून तिथेच होती. "मग बोलली का नाहीस? आणि सोगडू? तुला येतोय ना? खरं सांग, काल घेतली ती बरी आहे ना?"

वसुमतीबाईंनी पदराने हात पुसले आणि पहिल्यांदाच स्वल्प लाजल्या. "मला काय विचारता? तो वास मला कधी आलाच नाही."

"काय?"

"लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मामंजींनी शेंग पुढे केली. मला काहीच आलं नाही. नवी सून, नाही कशी म्हणणार? बाजूला तुम्ही उभे होतात. तुमचा चेहरा बघितला आणि म्हटलं, आहाहा. तेव्हापासून तुमच्या तोंडाकडे बघूनच म्हणतेय. ते तोंड बघायला मिळतं म्हणून तर मी डिसेंबरची वाट बघते."

प्राणेशराव तसेच बाहेर आले. परातीपाशी उभे राहून म्हणाले, "श्रीवत्सा, खरं सांग. सोगडू येतो तुला?"

श्रीवत्सने आईकडे बघितलं, मग परातीकडे. "अण्णा... म्हणजे... तुम्ही म्हणता ना, तेव्हा आल्यासारखा वाटतो."

"सुधींद्रा?"

"आता इतक्या वर्षांनी कशाला उकरतोस?" सुधींद्र वाटीत बघत म्हणाले. पद्मावतीबाईंनी आधीच कानांना हात लावले होते.

तेवढ्यात शिवाप्पा अक्कीरोटीसाठी शेपूची जुडी घेऊन दारात आला. त्यालाही विचारलं. शिवाप्पा हसला. "स्वामी, तपकीर ओढून ओढून माझं नाक कधीच गेलं. मी तुमचं तोंड बघतो आणि गावात निरोप देतो, की आता तोडा म्हणून. सगळं आनेकल तुमच्या तोंडावर चालतं."

प्राणेशराव खुर्चीत बसले. म्हणजे इतकी वर्षं या शहरात एकच नाक होतं, आणि तेही गेलं होतं. संपलं सगळं. मूळपुरुषाचा घोडा आता सोडायला हरकत नव्हती.

"पण मला येतो की," स्मृती म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. ती एक साल नाकाशी धरून बसली होती.

"काय येतो?"

"वास. तेलकट असतो, जरा गोड, आणि... कसं सांगू, अगदी पहाटे खिडकी उघडल्यावर येतं ना, तसं काहीतरी. मला वाटलं सगळ्यांनाच येतो. त्या दिवशी मी ऑफिसला निघाले तेव्हा म्हटलंही, पण तुम्ही नाही म्हणालात, मग वाटलं माझंच चुकतंय." ती जरा चाचरली. "खरं सांगू का बाबा? पहिल्या दिवशीच्या पावट्याला याच्यापेक्षा जास्त होता."

प्राणेशरावांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी इतक्या गोष्टी आल्या की सिद्धी बघतच राहिली. पहिला बहर हातचा गेला याचं दुःख होतं, पावटा या शब्दाची जुनी चीड होती, आणि त्या सगळ्याला बाजूला सारत एक मोठं, ओलं, निर्लज्ज हसू वर येत होतं. त्यांनी उठून फाटकापाशी उभ्या शिवाप्पाच्या गाडीवरची एक ताजी शेंग आणली, चोळली, सुनेच्या हातात दिली. स्मृतीने डोळे मिटले. तिचा चेहरा हळूहळू उजळला. वसुमतीबाईंनी तो बघितला आणि सवयीने म्हणाल्या, "आहाहा!"

"पण ही तर उद्या चालली मारतहळ्ळीला!" पद्मावतीबाई किंचाळल्या. "मग पुढच्या आठवड्यात आम्ही घ्यायची कशी?"

"शनिवारी यायलाच पाहिजे," शिवाप्पाने निकाल दिला. "अक्का आल्याशिवाय मी गाडी उघडत नाही."

"मोसम संपेपर्यंत," सुधींद्र म्हणाले.

"मग पुढे होंगेचा मोहोर आहे," वसुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. "मग आंबे. मग चकोतरे. नाकाशिवाय कसं कळायचं?"

स्मृतीने श्रीवत्सकडे बघितलं. श्रीवत्स म्हणाला, "शनिवारी रस्ता तसा मोकळा असतो." हे बेंगळूरुबद्दल आजवर बोललं गेलेलं सर्वांत मोठं असत्य होतं, पण कुणी हरकत घेतली नाही.

सोमवारी टेम्पो आला आणि गेला. परात मात्र खोक्यात गेली नाही. ती सिद्धीने परत फडताळावर ठेवली, सरळ, उपडी नव्हे.

दोन दिवसांनी सकाळी वसुमतीबाईंनी कॉफी पुढे ठेवली. घर फार शांत होतं. प्राणेशरावांनी पेला उचलला, आणि काही कळायच्या आत तो वास आला. आधी कडवट, मग भाजका, मग दुधाचा. त्यांचे डोळे मिटले. पाठोपाठ सगळंच धावून आलं: देवघरातला कापूर, अंगणातली ओली माती, आणि दोन गल्ल्या पलीकडे शनिवारची वाट बघत झाकून ठेवलेली शिवाप्पाची गाडी. शेंगांना असा सोगडू होता की वासरासारखं हुंदडावंसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. स्मृती होती. तिचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं. "बाबा, नाक कसं आहे? काही फरक?"

प्राणेशरावांनी पेला खाली ठेवला. "कुठलं गे? काही नाही. बंद ते बंदच. आता या वयात काय उघडणार! शनिवारी तू ये बाई, गल्ली खोळंबलीय. आणि स्वल्प लवकरच ये, सिद्धीला घेऊन."

"हो बाबा, येतोच आम्ही. काळजी घ्या हं."

वसुमतीबाई समोरच उभ्या होत्या. "नाक बंद आहे म्हणता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मग आत्ता कॉफीवर डोळे कशाला मिटले होतेत?"

प्राणेशराव नुसते बायकोकडे बघत राहिले, शाळेतून पळताना सापडलेल्या मुलासारखे.

वसुमतीबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. "हॅलो, स्मृती? हो गं, खरंच सांगतायत. बिचाऱ्यांना काही म्हणजे काही कळत नाही. हिंगाची डबी अजून खिशातच घेऊन फिरतायत."